मामुली जखम आणि बुडणारा रोज

भाद्रपद ओसरून आश्विनाचे ऊन तापू लागले, म्हणजे लातूर-नांदेडच्या काळ्या रानांत सोयाबीनच्या काढणीची जी एकच घाई उडते, तीत माणसाला स्वतःच्या देहाकडे पाहण्यास सवड उरत नाही. शेंग वाळून तडकली तर दाणा मातीत जातो, आणि काढणीच्या ऐन वेळी परतीचा पाऊस कोसळला तर उभ्या पिकाला कोंब फुटतात. या दोन भयांच्या मध्ये जे थोडे दिवस हाती असतात, त्यांत गुत्ते घेतलेल्या टोळ्या दिवस उजाडताच शेतात उतरतात आणि अंधार पडेपर्यंत विळा खाली ठेवीत नाहीत. अशा वेळी विळ्याने बोट कापले जाणे, कापलेल्या ताटाचे अणकुचीदार धसकट चप्पल भेदून तळव्यात शिरणे, मळणीयंत्रावर हाताची सालपटे निघणे, या घटनांची गणना कोणी अपघातांत करीत नाही. जखमेवर दगडीपाल्याचा रस पिळावा, जवळ असेल तर हळद दाबावी, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळावी आणि सुटलेली पात पुन्हा धरावी, असा तेथला शिरस्ता आहे. विचारलेच कोणी, तर "मामुली आहे, होईल बरं" एवढे उत्तर मिळते, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु ज्या थोड्या जखमा भरून येत नाहीत, त्या पाचव्या-सहाव्या दिवशी आरोग्य केंद्रात, किंवा तेथून पुढे जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पोचतात, तेव्हा हात मनगटाच्या वर सुजलेला असतो, अंगात ताप असतो, आणि रुग्णाच्या कानी पडणारा पहिला शब्द बहुधा हाच असतो : "इतके दिवस काय केलं?"

या प्रश्नाला रुग्ण उत्तर देत नाही. तो खाली मान घालतो, आणि त्याच्या त्या मौनाचा अर्थ आपण शिकलेली माणसे आपल्या सोयीने लावतो. कोणी म्हणतो, अज्ञान. कोणी म्हणतो, निष्काळजीपणा. आणि ज्यांना मराठवाड्याच्या मातीचा अभिमान आहे ते म्हणतात, ही माणसे मोठी काटक. यांपैकी कोणत्याही स्पष्टीकरणाने आपल्यावर काही जबाबदारी येत नाही, म्हणूनच मला या तिन्हींविषयी संशय वाटतो. जखमी हाताने पात धरणाऱ्या बाईला जखम चिघळते हे ठाऊक नसते असे नाही. तिने आपल्याच भावकीत धनुर्वाताने गेलेला माणूस पाहिलेला असतो. तिने जो निर्णय घेतलेला असतो तो अज्ञानाचा नसून हिशेबाचा असतो, आणि तो हिशेब तिने मांडलेला नाही; तो तिच्यापुढे मांडून ठेवलेला आहे.

तो हिशेब असा. दवाखान्यात जायचे म्हणजे सकाळच्या वेळी जायचे, कारण आरोग्य केंद्रातील तपासणीची मुख्य वेळ तीच. सकाळ गेली म्हणजे दिवस गेला, कारण अर्ध्या दिवसासाठी कोणी कामावर घेत नाही. दिवस गेला म्हणजे रोज बुडाला. गावाला मोटार वेळेवर नसली तर भाडे वेगळे, आणि सोबतीला नवरा किंवा मुलगा आला तर दुसरा रोजही बुडाला. गुत्त्याच्या कामात याहून अवघड गोष्ट अशी की, एकराचा भाव साऱ्या टोळीने मिळून ठरवलेला असतो. एक हात कमी पडला तर त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, आणि आपल्यामुळे शेजारणीचे काम वाढले हा ओशाळेपणा रोज बुडण्याहून जड असतो. सालगड्याची गोष्ट निराळी, पण सुखाची नव्हे. पाडव्याला ठरलेल्या सालातून त्याचे खाडे मोजले जातात, आणि बोट कापले म्हणून घरी बसलेला दिवस आणि पाहुण्याच्या लग्नाला गेलेला दिवस यांत मालकाच्या वहीत भेद राहत नाही.

आणि ऊसतोड मजुरांविषयी तर काय सांगावे! कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतून, तसेच अहमदपूर-जळकोटच्या बालाघाटी भागातून, दसरा-दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, त्यांच्या व्यवहारात माणूस हे परिमाणच नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. एकाच्या नडगीवर कोयता बसला तर दुसऱ्याचे कामही थांबते. तोडणारा थांबला तर मोळी बांधणारी थांबते, आणि ती थांबली तर रात्री वाहन भरायचे राहते. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशीचा खाडा, म्हणजे नुसती मजुरी न मिळणे नव्हे, तर वर दंड भरणे. आणि हा दंड उचलीच्या त्या कर्जात मिळवला जातो, जे टनाटनाने फेडायचे असते. परक्या तालुक्यात, ओळखीचा माणूस नसताना, पाचटाने कापलेल्या आणि मातीने भरलेल्या हाताने दवाखाना शोधीत हिंडण्यापेक्षा चिंधी घट्ट बांधून फडात उभे राहणे हाच अशा माणसाला व्यवहार वाटतो. आजार अंगावर काढणे ही त्याची सवय नसून त्याने केलेल्या कराराची न लिहिलेली अट आहे.

आता शरीराच्या बाजूने पाहू. शरीर करार जाणत नाही. उघड्या जखमेत पहिल्या काही तासांत जे जंतू असतात ते संख्येने थोडे आणि वरवरचे असतात. स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुतल्याने त्यांतील बहुतेक निघून जातात, आणि टाके घालायचे झाले तर ते साधारण सहा-आठ तासांच्या आत घातलेले बरे, असा शल्यवैद्यांचा जुना संकेत आहे. वेळ जातो तसे जंतू ऊतकांत रुजतात आणि जे काम पाण्याने झाले असते त्याला शस्त्र लागते. खोल शिरलेल्या धसकटाची जखम यात विशेष फसवी. तिचे तोंड लहान, रक्त थोडे, आणि आत मात्र माती. हवा न पोचणाऱ्या अशा जागीच धनुर्वाताचे जंतू वाढतात. शेणखताने पोसलेल्या जमिनीत त्यांची बीजरूपे वर्षानुवर्षे टिकून असतात, आणि जखम झाल्यावर तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही, म्हणजे वरची जखम विसरून गेल्यावरदेखील, जबडा आवळला जाण्यास प्रारंभ होतो.

हा रोग टाळता येतो, ही गोष्ट जगाला काही काल-परवा कळलेली नाही. बेरिंग आणि किटासाटो या दोघांनी बर्लिनमध्ये 1890 साली त्याच्या प्रतिविषाचा शोध जाहीर केला; पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या शेणखत घातलेल्या शेतांतून खणलेल्या खंदकांत घायाळ झालेल्या लक्षावधी सैनिकांना त्या प्रतिविषाचा आधार मिळाला. आपल्या देशाने माता आणि नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे उच्चाटन केल्याचे 2015 साली जाहीर झाले, आणि ते सामान्य यश नव्हे. परंतु या यशाच्या कडेला एक माणूस उभा राहून गेला आहे. गरोदर स्त्रीला प्रत्येक गरोदरपणात लस मिळते. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. त्यानंतर मात्र दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी हा नियम प्रौढ पुरुषाच्या बाबतीत पुस्तकातच राहतो. पन्नाशीचा सालगडी, पंचेचाळिशीचा तोडणीवाला, आणि शेवटचे बाळंतपण होऊन वीस वर्षे लोटलेली बाई, यांची लस जखम झाल्याखेरीज कोणाला आठवत नाही, आणि जखम झाल्यावर दवाखान्यात जाण्याचा दिवस तर त्यांच्याजवळ नसतो. त्यातच अलीकडे खेड्यांतून मधुमेह पुष्कळ वाढला आहे. पायाची संवेदना मंदावलेल्या अशा रोग्याला धसकट टोचल्याचे कळतही नाही, आणि पाय काळा पडल्यावर जे कळते ते फार उशिरा कळते.

जखमेला औषधाइतकाच काळ लागतो, याची एक फार मोठी साक्ष नांदेडच्याच भूमीत आहे. गुरू गोविंदसिंहजी 1708 साली गोदावरीच्या काठी मुक्कामास असताना त्यांच्यावर मारेकऱ्याने घाव घातला. बादशहा बहादूरशहाने शल्यवैद्य धाडला, घाव शिवला गेला, तो भरतही आला होता, आणि पुढे एक कठीण धनुष्य ओढताना तो पुन्हा उघडला, असे शीख परंपरेत सांगितले जाते. त्या वर्षीच्या 7 ऑक्टोबरला त्यांनी देह ठेवला. आज सचखंड हुजूर साहिबला जे लक्षावधी भाविक येतात, ते त्यांच्या शौर्यापुढे आणि त्यांनी ग्रंथसाहिबाला दिलेल्या गुरुपदापुढे मस्तक नमवितात, आणि ते योग्यच आहे. मी येथे त्या कथेतील केवळ देहधर्मापुरता भाग घेतो. वरून मिटलेली जखम आतून मिटलेली नसते. तीन आठवड्यांनी नव्या त्वचेचे बळ मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके असते, आणि तीन महिन्यांनीदेखील ते पूर्ववत होत नाही. जो देह सैन्याच्या अग्रभागी राहिला, ज्याच्या सेवेस बादशाही शल्यवैद्य होता, त्या देहालाही हा नियम चुकला नाही. मग चौथ्या दिवशी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढणाऱ्या बाईला तो कसा चुकेल?

याचा अर्थ प्रत्येक ओरखड्यासाठी दवाखाना गाठावा असा नाही. तसे सांगणारा माणूस शेतात कधी राबलेला नसतो, आणि त्याचे मग कोणी खरे मानीत नाही. वरवरची, स्वच्छ, रक्त थांबलेली जखम धुऊन झाकली आणि लस चालू असली तर कामास हरकत नाही. काम करीत राहण्यात जी प्रतिष्ठा आहे ती मला मान्य आहे, आणि आपल्या आईबापांनी त्याच प्रतिष्ठेवर आपल्याला वाढवले आहे. पण मातीत खोल गेलेली टोचणी, दाबून धरूनही न थांबणारे रक्त, यंत्रात चेंगरलेले बोट, हालचाल हरवलेला सांधा, जनावराचा चावा, आणि मधुमेह्याच्या पायाला झालेली कसलीही इजा, या बाबतींत तो दिवस उलटू देता कामा नये. राख, तंबाखू, चुना, यंत्राचे तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हे ज्ञान गावात पोचवणे सोपे आहे आणि आशाताई ते पोचवीतही आहेत. अवघड आहे तो दिवस मिळणे.

त्या दिवसाविषयी कायदा काय म्हणतो, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. कामगारांच्या नुकसानभरपाईची जी चौकट 1923 सालच्या कायद्याने घालून दिली आणि पुढे नाव व रूप बदलूनही जी टिकून राहिली, तिच्यात प्रत्येक अवयवाचे मोल नोंदलेले आहे : अंगठा गेला तर उपजीविकेच्या सामर्थ्याचा 30 टक्के ऱ्हास, तर्जनी समूळ गेली तर 14 टक्के, मधले बोट गेले तर 12. परंतु जी इजा तीन दिवसांहून अधिक काळ माणसाला निकामी करीत नाही, तिच्यासाठी मालकावर भरपाईचे दायित्व नाही. शेतीपुरते बोलायचे तर यंत्रशक्तीवर चालणारे काम या चौकटीत येते. नुसत्या विळ्याने कापणारीने दाद मागायची ती कोठे? केवळ मळणीयंत्रांचे हात-पाय तोडणारे संकट पाहून 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा झाला, पण तोही मुख्यतः तुटलेल्या अवयवाचा. राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना मृत्यूला 2 लाख आणि एक डोळा अथवा एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये देते, आणि ती देते खातेदार शेतकऱ्याला व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, आणि शेतात सर्वांत अधिक वेळ विळा ज्याच्या हाती असतो, तो भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहतो. गेलेल्या बोटाची किंमत आपण ठरवून ठेवली आहे. ते बोट वाचवू शकला असता अशा अर्ध्या दिवसाची किंमत मात्र कोणत्याही दफ्तरात नाही.

असे असावेच लागते असे नाही, हे आपल्याच राज्याने दोनदा दाखवून दिले आहे. मोंढ्यातील हमाल आणि माथाडी यांचे काम पोत्यावर मोजले जाणारे, मालक रोज बदलणारा, हजेरीपत्रक नाही. तरीही 1969 च्या माथाडी कायद्याने मजुरीवर अधिभार बसवून मंडळामार्फत त्यांना भरपगारी रजा आणि वैद्यकीय साहाय्य मिळण्याची वाट काढली. दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास जी कल्पना रुजवली आणि 1977 साली जिला कायद्याचे रूप दिले, ती 2005 साली देशाच्या कायद्यात गेली, तेव्हा त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असे लिहिले गेले की, कामावर इजा झालेल्या मजुराला औषधोपचार विनामूल्य मिळावा आणि रुग्णालयात राहावे लागल्यास मजुरीच्या निम्म्याहून कमी नाही इतका दैनिक भत्ता मिळावा. सरकारच्या नालीच्या कामावर ज्या मजुराचा हा हक्क मानला गेला, तोच मजूर दुसऱ्या दिवशी बांधापलीकडच्या सोयाबीनमध्ये उतरला की त्याचा हक्क संपतो, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करावयाचे?

उपचारांची साधने आपल्याकडे नाहीत, असे आता म्हणता येत नाही. निजामी अंमलातून 1948 साली सुटलेल्या या मुलखात औरंगाबादला 1956, अंबाजोगाईला 1974, नांदेडला 1988 आणि लातूरला 2002 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, लातुरात डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली विवेकानंद रुग्णालय उभे केले. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार विनामूल्य झाले. केसपेपरचे पैसे माफ झाले. बुडालेल्या रोजाचे मात्र कोणी नाव घेतले नाही. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ऑक्टोबरच्या आरंभी, नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 रुग्ण दगावले, ज्यांत 12 नवजात बालके होती, आणि साऱ्या देशाचे लक्ष विष्णुपुरीकडे लागले. रुग्ण दूरवरून, अखेरच्या अवस्थेत येतात, असे तेव्हा रुग्णालयाच्या बाजूने सांगण्यात आले. औषधांच्या आणि मनुष्यबळाच्या तुटवड्याचा जाब त्या उत्तराने टळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते उत्तर खोटेही नव्हते. किनवट-माहूरच्या डोंगरातून नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि इतके अंतर माणूस शेवटच्या अवस्थेतच का तोडतो, याची चौकशी त्या वेळीही झाली नाही.

माझ्या मते आरंभ वेळेपासून करावा. काढणीच्या आणि गाळपाच्या हंगामात प्रत्येक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात दिवेलागणीनंतर दोन तास मलमपट्टी आणि लस मिळाली, तर मजुराला आपला रोज आणि आपला हात यांतून एकाची निवड करावी लागणार नाही. तालुक्याच्या गावी दुपारी उघडून रात्रीपर्यंत चालणारा 'आपला दवाखाना' 2023 साली याच विचाराने काढला गेला. तो विचार खेड्यापर्यंत न्यावा. ज्या मोठ्या शेतकऱ्यांच्या रानात टोळ्या उतरतात, त्यांनी गुत्ते ठरवताना कामावर जखमी झालेल्या माणसाचा तो दिवस भरून धरण्याची अट स्वतःहून घालावी. एकरामागे त्याचा भार फार पडणार नाही, आणि गावच्या चार प्रतिष्ठितांनी सुरुवात केली तर पुढच्या हंगामात तोच शिरस्ता होईल. डॉक्टरांना माझी विनंती एवढीच की, उशिरा आलेल्या रुग्णाला त्यांनी "इतके दिवस काय केलं?" असे न विचारता "कोणाच्या कामावर होता?" असे विचारावे, आणि त्याचे उत्तर केसपेपरवर लिहावे. अशा नोंदी साठल्या म्हणजे कोणत्या रानात, कोणत्या गिरणीत आणि कोणत्या फडात माणसे वारंवार जखमी होतात, हे जिल्हा प्रशासनास प्रथमच दिसू लागेल.

ऊसतोडीसाठी मात्र कारखान्यांच्या सदिच्छेवर विसंबता येणार नाही. तोडणी कामगारांची वाहने ज्या गावांतून निघतात, तेथे निघण्यापूर्वी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला धनुर्वाताची लस टोचली गेली पाहिजे, आणि जखमेच्या दिवसांचा खाडा घेणे बेकायदा ठरवले गेले पाहिजे. टनाचा आणि किलोचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कारखान्याला आपल्या फडात कोणाच्या पायावर कोयता बसला याची वही ठेवणे अशक्य नाही. गाळपाचा परवाना साखर आयुक्तालयाकडून मिळतो. त्या परवान्याच्या अटींत ही वही आणि ही लस यांचा समावेश व्हावा, आणि तो यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावा.